टेकडीलगतची २० गुंठे जागा : सुबाभूळ-घाणेरी काढून देशी झाडोरा कसा उभा करावा?

पागोळी
नमस्कार मंडळी. पुण्याच्या पश्चिमेकडे टेकडीच्या पायथ्याला असलेल्या सोसायटीची मागची २० गुंठे जागा येत्या पावसाळ्यात लावायची आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम. खालच्या टोकाला बांधकामाचा राडारोडा आणि त्यावर विकत आणलेली लाल माती. सध्या ४० च्या आसपास सुबाभळी (मनगटापासून मांडीएवढ्या), पाच-सहा गिरिपुष्पं, घाणेरीची जाळी आणि जुन्या बागेतून उतरत आलेला वेडेलिया (पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल). वरच्या अंगाला मात्र कुसळी-पवन्याचं गवत आहे, त्यात दोन हिवर आणि एक मेडशिंगी.

कंत्राटदाराची यादी अशी: कुंपणाला कोनोकार्पस, उतारावर वेडेलिया, वाटेकडेला जांभळं फाउंटन ग्रास, मध्ये पिचकारी आणि टबेबुया, उरलेल्या जागेत मेक्सिकन लॉन. यातलं काय ठेवावं? आणि एप्रिल चालू आहे, तर सुरुवात कशापासून करावी?

हिवर
पागोळी, बरं झालं आत्ताच विचारलंत. आधी यादी पाहू.

वेडेलिया अजिबात नको. आधीच आहे तोच काढायचा आहे. त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. माळ्याने कापून टेकडीच्या कडेला टाकलेला ढीगच पुढच्या पावसाळ्यात तिथे रुजतो. पिचकारी मूळची आफ्रिकेची. तिचं बी पातळ पंखाचं, वाऱ्याबरोबर लांब जातं, आणि तिच्या फुलांत मेलेल्या मधमाश्या सापडतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींची यादी केली आहे. तिच्यात पिचकारी, वेडेलिया, सुबाभूळ, घाणेरी आणि रानमोडी (कोकणात फोफावलेलं तण) ही पाचही आहेत. म्हणजे दोन तुमच्या जागेत आहेत, एक आहे तीच पुन्हा विकत घ्यायला सांगितली आहे आणि एक नवीन.

कोनोकार्पसची मुळं ड्रेनेज आणि पाण्याच्या पाइपांत शिरतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. फाउंटन ग्रासची गडद जांभळी जात सहसा बी धरत नाही, पण त्याच नावाखाली गुलाबी तुऱ्याची हिरवी जातही खपवली जाते आणि ती बी धरते. उन्हाळ्यात वाळली की पेटायलाही वेळ लागत नाही. टेकडीला लागून ही जोखीम कशाला घ्यायची?

टबेबुयाची गोष्ट निराळी. तो परदेशी आहे, पण आक्रमक नाही. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत तर उगाच भांडणं होतात. चिंच आफ्रिकेतली, गुलमोहर मादागास्करचा, देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेचा. यांतलं कुठलंही टेकडी व्यापत नाही. झाड लावलं तिथून न लावलेल्या जागेत स्वतःहून जातं का, तोडल्यावर दुप्पट फुटतं का, आणि त्याच्याखाली दुसरं काही उगवू देतं का, एवढंच बघायचं. असलेला टबेबुया तोडू नये. नवा लावायचं कारण मात्र नाही.

आता काढण्याचं. सर्वात महत्त्वाचं आधी सांगतो: तीन वर्षं राखता येईल तेवढीच जागा मोकळी करा. जमिनीत सुबाभळीचं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. सावली हटली, ऊन लागलं की ते एकदम उगवतं. सगळे २० गुंठे एका मे महिन्यात साफ केले तर ऑगस्टमध्ये सुबाभळीच्या रोपांचा गालिचा आणि गाजरगवत दिसेल. यंदा ७ गुंठे, पुढच्या वर्षी ७, मग उरलेले. सुरुवात वरच्या अंगाने, जिथे चांगलं गवत शिल्लक आहे तिथून. चांगल्याकडून वाईटाकडे सरकायचं.

सुबाभूळ:
अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची रोपं पहिल्या दोन पावसांनंतर माती भिजली की मुळासकट उपटा. कोरड्या मुरमात उपटायला गेलात तर वरून तुटतात आणि बुंध्यातून चार फुटवे येतात.
मोठी झाडं जमिनीलगत नुसती तोडू नका. कमरेच्या उंचीवर तोडा आणि तिथपासून मातीखाली ३-४ इंचांपर्यंत साल सगळीकडून सोला. बुंध्याभोवतीची माती आधी उकरून घ्या. सालीची बोटभर पट्टी राहिली तरी तिथून फुटतं. फुटवे आले तर दर तीन आठवड्यांनी हाताने मोडायचे. पहिला पावसाळा यात हयगय झाली की झाड पुन्हा उभं राहतं.
महापालिका हद्दीत सुबाभूळ तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी वृक्षसंरक्षण कायदा झाड देशी की परदेशी हे बघत नाही. अर्ज आजच टाका, म्हणजे मे अखेरपर्यंत हातात काहीतरी येईल.

तणनाशकाचा सल्ला कोणी दिला तर सांगून ठेवतो: ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरता येतं. माळ्याच्या हातात पंप देऊन फवारणं नियमात बसत नाही. उतारावर फवारलेलं खालच्या ओढ्यातही जातं.

घाणेरी नुसती छाटून कधीच जात नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूने रूढ केलेली पद्धत वापरा: लांब दांड्याच्या कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली साधारण ५ सेंटीमीटरवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळाचा गड्डा वर. गड्डा मातीला टेकला तर परत धरतो. मुरमात एप्रिलमध्ये कुदळ चालत नाही, म्हणून आत्ता फक्त वरचा पसारा छाटून वाट करा आणि मूळ तोडायचं काम वळवाच्या पावसानंतर काढा. छाटण्याआधी जाळीत घरटी आहेत का ते पाहा. असतील तर तेवढी जाळी पिल्लं उडेपर्यंत ठेवा. पुढची दोन वर्षं, पक्षी बसतात त्या झाडांखाली दर महिन्याला चक्कर मारा. घाणेरीची नवी रोपं तिथेच येतात.

वेडेलिया एप्रिल-मेमध्येच संपवायचा. ४-६ इंच खोल खणून वेल काढा, काँक्रीटवर किंवा ताडपत्रीवर पसरून कडकडीत वाळवा. उरलेल्या पट्ट्यावर जाड काळं प्लास्टिक कडा मातीत दाबून ६ ते ८ आठवडे अंथरा. खतखड्ड्यात त्याचा एक तुकडाही जाऊ देऊ नका.

कातळसडा
हिवर यांच्याशी बहुतेक सहमत, फक्त टप्प्यांबद्दल वेगळं मत आहे. २६ सुबाभळी मागे ठेवल्या तर त्या दोन वर्षं बी गाळत राहणार, मग साफ केलेल्या ७ गुंठ्यांचा उपयोग काय? शेंगा धरणारं प्रत्येक झाड यंदाच निकामी व्हायला हवं.

हिवर
मुद्दा बरोबर आहे. परवानगीच्या अर्जात सगळ्याच झाडांची छाटणी लिहा आणि शेंगा हिरव्या असतानाच शेंडे उतरवून घ्या. खोडं टप्प्याने काढायची, बी मात्र यंदापासूनच बंद. मागे राहिलेल्या खोडांची विरळ सावली पहिल्या उन्हाळ्यात नव्या रोपांना उपयोगीच पडते. छाटलेला हिरवा पाला शेंगा वेगळ्या करून आच्छादनाला वापरा, नत्र भरपूर असतं. पिकलेल्या शेंगा वेगळ्या काळ्या पिशवीत घट्ट बांधून मेच्या उन्हात महिना-दीड महिना ठेवा आणि मगच टाका.

गिरिपुष्पालाही हेच लागू. पाला उत्तम खत आहे, पण त्याच्या ओल्या काठ्या रोपांना आधार म्हणून रोवू नका. त्या मुळं धरतात आणि आधाराचंच झाड होतं. आधाराला बांबूच घ्या.

करवंदीची जाळी
लावायचं काय यावर लिहिते. पागोळी, तुमच्या मजकुरातली सर्वात मोलाची ओळ "कुसळी-पवन्याचं गवत, दोन हिवर आणि एक मेडशिंगी" ही आहे. या टेकड्यांचं मूळ रूप असंच: गवताळ, मधेमधे विखुरलेली काटेरी आणि पानगळीची झाडं. त्या पट्ट्यात खड्डेच काढू नका. तिथलं काम फक्त सुबाभळीची रोपं आणि कॉसमॉस (नारिंगी-पिवळ्या फुलांचं परदेशी तण) उपटण्याचं. गवत म्हणजे रिकामी जागा समजून तिथे दाट झाडं लावली की सावलीने गवत मरतं, आणि गवतातले तितर, चंडोल, पावसाळी कंद सगळेच जातात.

२० गुंठ्यांत मोठी झाडं १२ ते १५ पुरेत. किमान १५-२० फूट अंतर. उथळ मुरमाच्या बाजूला सालई, सोनसावर, मेडशिंगी, मोई, खैर, आपटा. माती जरा बरी तिथे पळस, बहावा, काटेसावर, धामण, शिवण, बेहडा. पाणी साचून जातं त्या खालच्या अंगाला अर्जुन एखादाच, आणि वायवर्ण. ताम्हण राज्यफूल म्हणून सगळ्यांना हवं असतं, पण ते ओढ्याकाठचं झाड. कोरड्या उतारावर पाणी देऊन देऊन जगवावं लागेल.

खरा भर झुडपांवर द्या, ती सगळे विसरतात. धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, पांढरा कुडा, काळा कुडा, हेंकळ, पांढरफळी, करवंद, अडुळसा, कोरांटी. ३ ते ५ झुडपांचे गट करा, गटात अंतर ४-५ फूट. वेलींत कुसर, शतावरी, वाघाटी. धायटी जानेवारीपासून लाल होते आणि शिंजीर तिथून हलत नाहीत. पांढरफळीची फळं बुलबुलांना. लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर लाइम आणि मॉरमॉन फुलपाखरांच्या अळ्या, बहाव्यावर पिवळ्या एमिग्रंटच्या, रुईवर प्लेन टायगरच्या, वायवर्ण-वाघाटीवर ग्रेट ऑरेंज टिपच्या. अळ्यांनी पानं खाल्ली म्हणून माळ्याने फवारणी केली की हे सगळं वाया. त्याला आधीच बजावून ठेवा.

कुंपण: करवंदाची दुहेरी ओळ, रोपांत २ फूट, दोन ओळींत दीड फूट, एकाआड एक. १०० फुटाला १०० रोपं. पहिला पावसाळा संपताना शेंडा निम्म्यावर छाटा, म्हणजे बुडापासून भरेल. न छाटलेलं करवंद खाली पोकळ आणि वर झिपरं होतं, मग "देशी कुंपण बसत नाही" अशी तक्रार येते. मुलांच्या खेळाच्या बाजूला काटे नकोत. तिथे निर्गुडी-अडुळसा दीड-दोन फुटांवर. दोन्ही पावसाळ्यात छाटकलमाने येतात, विकत घ्यायचीही गरज नाही: पेन्सिलीएवढी काडी, ८-९ इंच, तीन डोळे मातीखाली.

पांगारा सुंदरच, पण गाठी करणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतल्या किडीने पानांवर आणि देठांवर गाठी येतात. एखाद-दुसराच लावा. गाठी आलेल्या फांद्या लगेच छाटून जाळा.

पागोळी
मनापासून आभार. समितीचे तीन प्रश्न आहेत. एक, उतारावर वेडेलिया नाही तर माती धरायला काय? दोन, बसायला थोडी हिरवळ हवीच. तीन, गवत वाढवलं तर साप येतील आणि उन्हाळ्यात वणवा लागेल, अशी भीती.

हिवर
उतार: समपातळीच्या रेषेवर वाळ्याची (खस) ओळ, ठोंबांत ६ इंच. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात. बाजारातली रोपं ठोंबानेच वाढवलेली असतात, त्यामुळे पसरत नाही. दोन ओळींमध्ये मारवेल, फूटभर अंतरावर. एका गुंठ्याला साधारण हजारेक ठोंब लागतात. जुलैत लावलं तर सप्टेंबरपर्यंत जमीन झाकते. पहिल्याच वर्षी भर पावसात उतार उघडा राहू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्यात तोडलेल्या सुबाभळीची खोडं समपातळीवर आडवी टाका, खुंट्यांनी अडवा. वाहणारी माती तिथे थांबते.

हिरवळ: मेक्सिकन लॉनऐवजी हरळी, एक-दीड गुंठ्यापुरती. ओल राहते तिथे जलपिंपळी. तिला तुडवणं चालतं, कापावी लागत नाही आणि फुलांवर लहान फुलपाखरं येतात.

साप: सापाला गवतापेक्षा उंदीर आणि लपायला भेगा हव्या असतात. तुमच्या खालच्या टोकाचा राडारोडा हे त्याचं घर. तो उचला, कचऱ्याचं ठिकाण बंदिस्त करा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना ३ फूट पट्टा कायम आखूड ठेवा. कुसळी वाटेजवळ नकोच, कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या कातडीत घुसतात.

वणवा: गवताचं बी पडून गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, विळ्याने ४-६ इंचांवर कापा. आधी कापलंत तर बी पडत नाही, दरवर्षी गवत विरळ होतं आणि त्या जागी कॉसमॉस येतो. टेकडीच्या हद्दीला १० फुटांची जाळरेषा पूर्ण मोकळी ठेवा. कापलेलं गवत आच्छादनाला.

रोपकार
रोपं आणि लागवडीबद्दल थोडं, कारण सर्वाधिक पैसा इथेच वाया जातो.

रोपवाटिकेत नावावर जाऊ नका, पान बघा. आपटा मागितला की बऱ्याचदा कांचन देतात. आपट्याचं पान लहान, जाड, रुंदीला जास्त आणि खाली करडं. कांचनाचं मोठं, पातळ. बहाव्याच्या नावाने काशीद येतो. बहाव्याच्या पर्णिका मोठ्या, तळहाताएवढ्या लांब, ४ ते ८ जोड्या. काशीदच्या लहान आणि जोड्या कितीतरी जास्त. सीताअशोकाच्या जागी उंच सुळक्यासारखा आसुपालव हमखास. माधवीलतेच्या जागी मधुमालती. नागचाफ्याच्या नावाने कैलासपती, जो दक्षिण अमेरिकेचा आहे. माधवीलता आपल्याकडची देशी, पण मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिनेच जंगलं झाकली आणि तिचंही नाव त्या शंभरांच्या यादीत आहे. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना "आपली" बियाणी पाठवायचा मोह टाळा.

६-८ फुटांची रोपं घेऊ नका. पिशवीत सोटमूळ गोल वळलेलं असतं, दोन वर्षं झाड हलत नाही आणि मग वादळात कलतं. दीड-दोन फुटांचं, बुडाशी पेन्सिलीएवढं जाड रोप घ्या. लावताना पिशवीचा तळ इंचभर कापून वळलेली मुळं छाटा.

खड्डे मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. झाडांना २ फूट × २ फूट × २ फूट, झुडपांना सव्वा ते दीड फूट. भरताना तिथलीच माती आणि मुरूम, त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एवढंच. वाळवी असेल तर दोन मुठी निंबोळी पेंड. खड्डा काळ्या मातीने आणि खताने गच्च भरला तर मुळं त्या खड्ड्यातच फिरत राहतात, मुरमात शिरत नाहीत.

शेणखत आणि लाल माती, गाजरगवत बहुतेक वेळा यातूनच येतं. गाडी उतरवण्याआधी एक परीक्षा: ट्रेमध्ये २ इंच थर पसरून १५ दिवस ओला ठेवा. काय उगवतं ते पाहून घ्या की नको ठरवा. तुमच्याकडे आधीच टाकलेल्या लाल मातीवर हाच प्रयोग करा.

लागवड जूनअखेर ते जुलैचा मध्य, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. उतारावर रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध. पाल्याचं आच्छादन ३-४ इंच, खोडापासून चार बोटं लांब. १०० चौरस फुटाला ३ इंच म्हणजे २५ घनफूट पाला; दाबून निम्मा होतो, हिशेब दुपटीने धरा.

पाणी: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा १० ते १५ लिटर, सावकाश. रोज लोटाभर पाणी हे सर्वात वाईट, मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात १५ दिवसांतून एकदा. तिसऱ्यात बंद. पळस, मोई, सालई यांची पानं डिसेंबरपासून गळतील. माळी "झाड मेलं" म्हणून उपटेल. खोडावर नखाने ओरखडा काढून आतली साल हिरवी आहे का ते बघायला शिकवा.

वैनगंगा
राडारोड्याच्या पट्ट्याबद्दल: खड्डा पाण्याने भरा आणि २४ तासांनी पाहा. पाणी तसंच असेल तर खाली दाबलेला थर आहे, तिथे लावलेलं रोप ऑगस्टमध्ये कुजणार. पहारीने तळ फोडा, नाहीतर फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. विदर्भातल्या काळ्या मातीत हीच अडचण कायमची, म्हणून आमच्याकडे खड्ड्यापेक्षा वरंबा बरा.

शिवाय रानतुळस ओळखायला शिका. जांभळट फुलं, उग्र वास, चौकोनी खोड. नागपूर-चंद्रपूरकडे रस्त्याच्या कडा तिने भरल्या आहेत. फुलायच्या आत उपटली तर एक-दोन हंगामांत आटोक्यात येते.

गाजरगवतासाठी कोणी "तरोटा पेरा" म्हणेल. सल्ल्यामागे तथ्य आहे, दाट तरोटा गाजरगवताला दाबतो. पण त्यासाठी जी जात पेरतात ती सेना युनिफ्लोरा, आणि ती स्वतः उष्ण कटिबंधीय अमेरिकेची. टेकडीलगत नको. गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच ठळकपणे नोंदलं गेलं, आणि आजही त्यावर सर्वात खात्रीचा उपाय फुलायच्या आत उपटणं हाच आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला फडकं हवंच. त्वचेचा आणि श्वासाचा त्रास खरा आहे. न फुललेलं खतखड्ड्यात चालतं. फुललेलं नाही. पानं कुरतडणारे पिवळट, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर मारू नका, ते मुद्दाम सोडलेले मित्रकीटक आहेत.

कातळसडा
हा धागा कोकणातले लोकही वाचतील म्हणून थोडं इकडचं. वरची यादी रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याला जशीच्या तशी लागू नाही. आमच्याकडे मुख्य त्रास ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि रानमोडीचा. लावायला ऐन, किंजळ, कुंभा, बकुळ, सुरंगी, रातांबा, समुद्राजवळ उंडी. झुडपांत अंजनी, पेंटकुळ, शेरवड, माकडलिंबू.

आणि एक विनंती. जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) घर बांधलं तर बागेसाठी ट्रकने माती आणून सडा झाकू नका. सड्यावर बोटभर मातीत आणि पाणथळ खळग्यांत पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडे येतात. आणलेल्या मातीखाली ते कायमचे जातात आणि मातीबरोबर रानमोडीचं बी येतं. घराभोवती १०-१५ फूट बाग करा, बाकीचा सडा आहे तसा राखा. तिथे करण्यासारखं काम एकच, ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं उपटणं.

पागोळी
बियांपासून काही रोपं सोसायटीतच करता येतील का? मुलांना सोबत घेता येईल. आणि वर्षभराचं वेळापत्रक कसं असावं?

रोपकार
नक्की करा. चार जाती सोप्या आहेत.

बहावा: शेंगेतलं बी टणक असतं. एका कडेला सँडपेपरवर घासून आतला फिकट भाग दिसू लागला की थांबा, २४ तास पाण्यात ठेवा. फुगलेलंच पेरा, न फुगलेलं परत घासा. न घासता पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहतं.
खैर, आपटा: उकळून उतरवलेल्या, बोट बुडवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पेरा.
करवंद: मेमध्ये पिकलेल्या फळातलं बी गर धुऊन त्याच आठवड्यात. साठवलं की मरतं. जांभळाचंही तसंच, १०-१५ दिवसांत पेरलं नाही तर हाती काही लागत नाही.
पळस: मे-जूनमध्ये चपटी शेंग एका बीसकट मिळते. पिशवीत करू नका, सोटमूळ फार लवकर खोल जातं. थेट जागेवर दोन-दोन बिया, इंचभर खोल.

मुलांच्या हाती गुंज, कण्हेर, रुई देऊ नका. गुंजेचं बी आणि कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्याला घातक.

हिवर
वेळापत्रक माझ्याकडून.

एप्रिल: परवानगीचा अर्ज, वेडेलिया, राडारोडा उचलणं, शेणखताची परीक्षा, रोपांची मागणी. कुडा, धायटी, मेडशिंगी आयत्या वेळी मिळत नाहीत.
मे: खड्डे, परवानगी आली की सुबाभळीचे शेंडे उतरवणं, बी पेरणं.
जूनचे पहिले पाऊस: घाणेरीची मुळं, सुबाभळीची रोपं उपटणं, आडवी खोडं टाकणं. झालं की लगेच वाळा-मारवेल. मोकळी जागा आठवडाभरही तशी ठेवू नका.
जुलै: लागवड.
ऑगस्ट ते ऑक्टोबर: दर पंधरा दिवसांनी उपटणी, हा सर्वात महत्त्वाचा काळ. कॉसमॉस ऑगस्टमध्ये कातरलेल्या पानांवरून ओळखा. सप्टेंबरात नारिंगी-पिवळी फुलं आली की लोक फोटो काढायला लागतात आणि मग "राहू द्या ना" सुरू होतं. तो वर्षायू आहे, सलग तीन वर्षं बी धरू दिलं नाही तर त्या पट्ट्यातून जवळजवळ जातो.
नोव्हेंबर-डिसेंबर: गवतकापणी, जाळरेषा. पुढच्या ७ गुंठ्यांची आखणी.

मजुरीचा हिशेब समितीपुढे मांडताना लागवडीचा आणि तीन वर्षांच्या उपटणीचा आकडा वेगळा लिहा, आणि कंत्राटातही तसाच घ्या. बहुतेक कंत्राटं "लागवड आणि वर्षभर देखभाल" अशी असतात. त्यात देखभाल म्हणजे पाणी आणि छाटणी. सुबाभळीची रोपं उपटणं कोणाच्याच कामात नसतं. एक वाक्य घाला: "सुबाभूळ, घाणेरी, वेडेलिया, कॉसमॉस, गाजरगवत यांची रोपं जून ते ऑक्टोबर दर १५ दिवसांनी मुळासकट काढणे, तीन वर्षे." आणि पैसे त्या कामाच्या पाहणीनंतरच द्यायचे.

पागोळी
हे वाक्य जसंच्या तसं घेते. अर्ज उद्या देतो आहोत. जागेचा नकाशा आणि आत्ताच्या झाडांची यादी इथे टाकेन. खड्ड्यांच्या जागा त्यावर खुणा करून सांगाल का?

करवंदीची जाळी
जरूर. नकाशावर तीन गोष्टी हव्यात: दुपारी तीननंतर इमारतीची सावली कुठवर येते, पावसात पाणी कुठून वाहतं, आणि जमिनीखालच्या पाइपलाइन-केबल. काटेसावर, अर्जुन पाइपपासून किमान २० फूट लांब ठेवायचे आहेत, म्हणून शेवटची माहिती आधी टाका.